घाट बांधणारे बाबा

अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुक्यात ऋणमोचन नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळून पूर्णा नदी वाहते. पौष महिन्यातील रविवारी तेथे मुद्गलेश्वराची यात्रा भरते. लोक बैलगाड्या जुंपून, पायी चालत, डोक्यावर गाठोडी घेऊन यात्रेला येत. नदीत स्नान करीत आणि काठ चढून देवळाकडे जात.

ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा नदीला घाट नव्हता. काठ उंच होता. पूर्णेच्या खोऱ्यातील माती काळी आणि चिकट. ती कोरडी असली म्हणजे दगडासारखी आणि ओली झाली म्हणजे लोण्यासारखी! स्नान करून लोक ओल्या कपड्यांनी वर चढू लागत. कपड्यांतून पाणी ठिबके. थोड्याच वेळात साऱ्या वाटेवर चिखल होई. माणसे घसरून पडत. तरुण पडले तर हसत हसत उठत, कपडे झटकीत आणि पुढे जात. पण एखादी म्हातारी बाई पडली म्हणजे? काठी टेकीत चालणारा एखादा लंगडा माणूस पडला म्हणजे? आंधळ्याला तर चढ कोठे संपतो हेही कळत नसे.

म्हातारपणी पडणे ही साधी गोष्ट नाही. उतारवयात हाडे ठिसूळ होतात. माझी दादी बेंबळा नदीच्या उतारावर अशीच घसरून पडली होती. मी तेव्हा पाचवीत होतो. तिच्या खुब्याचे हाड मोडले आणि त्यानंतरची चार वर्षे तिने खाटेवरच काढली. म्हणून ऋणमोचनची ही हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा मला ती फार जवळची वाटली.

त्या यात्रेत एक तरुण शेतकरी येत असे. इतर लोक देवळाकडे जात. हा मात्र फावडे आणि टोपले घेऊन नदीच्या काठावर उभा राही. तो माती खणी, उतार सारखा करी, पायऱ्या पाडी. चिखल झाला की त्यावर कोरडी माती टाकी. कोणी म्हातारे माणूस आले तर त्याला हात देऊन वर घेई. दिवसभर हेच काम! त्याला कोणी हे काम सांगितले नव्हते आणि त्याबद्दल तो कोणाकडून पैसेही घेत नव्हता. या तरुणाचे नाव डेबूजी. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना गाडगे महाराज किंवा गाडगेबाबा या नावाने ओळखू लागला.

डेबूजींचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडिलांचे नाव झिंगराजी जाणोरकर आणि आईचे नाव सखूबाई. ते परीट समाजाचे होते. परीट म्हणजे कपडे धुणारा, धोबी. झिंगराजींना दारूचे व्यसन लागले. व्यसनापायी घरदार गेले आणि शरीरही गेले. डेबूजी लहान असतानाच वडील वारले. सखूबाई मुलाला घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी, गेल्या. तेथे डेबूजी मामांची गुरे राखीत, शेतात राबत. त्यांना शाळेत जाता आले नाही. अक्षरओळख नाही ती नाहीच. पण शेतीची सगळी कामे ते उत्तम करीत आणि नदीत पोहण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

१८९२ मध्ये त्यांचे कुंताबाईंशी लग्न झाले. त्या काळी घरात बारसे असो की लग्न, दारू आणि मटणाची जेवणावळ द्यावीच लागे. त्यासाठी लोक सावकाराकडून कर्ज काढीत. डेबूजींनी आपल्या मुलीच्या बारशाला गोडाचे साधे जेवण दिले. भाऊबंद रागावले. डेबूजींनी तिकडे लक्ष दिले नाही. मामांची जमीन एका सावकाराने लबाडीने घेतली होती, त्याच्याशीही ते शेतात उभे राहून भांडले. हा माणूस बोलायला साधा, पण अन्याय सहन करणारा नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि एक फुटके गाडगे, म्हणजे मातीचे मडके. एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत आणि ऊन लागले म्हणजे तेच डोक्यावर ठेवीत. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

येथे वर्गातील मुले मला दरवर्षी एक प्रश्न विचारतात. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी घेणारा हा माणूस स्वतःची आई, पत्नी आणि लहान मुले घरी टाकून कसा गेला? प्रश्न बरोबर आहे. घरच्या माणसांना पुढे फार कष्ट काढावे लागले, हे खरे आहे. सखूबाई आणि कुंताबाई यांनी सोसले म्हणून बाबांना गावोगाव फिरता आले. त्या दोघींची नावे या हकिकतीतून वगळणे मला योग्य वाटत नाही. बाबांनी पुढे लाखो रुपयांच्या इमारती उभ्या केल्या, पण त्यांतील एकाही इमारतीत आपल्या घरच्यांना राहू दिले नाही. त्यांचे कुटुंब झोपडीतच राहिले. या संस्थांवर आपला किंवा आपल्या वारसांचा काहीही हक्क नाही, असे त्यांनी स्पष्ट ठरवून दिले होते. याला कठोरपणा म्हणावे की प्रामाणिकपणा, हे तुम्ही ठरवा.

घर सोडल्यावर बाबा गावोगाव हिंडले. एखाद्या गावात आले की हाती खराटा घेत आणि रस्ता झाडायला लागत. गटारे मोकळी करीत. उकिरडे उचलीत. प्रथम लोकांना वाटे, कोणी वेडा आला आहे. मग एकदोन जण लाजून मदतीला येत. संध्याकाळपर्यंत गाव स्वच्छ होई. रात्री बाबा कीर्तन करीत. त्यांचे कीर्तन म्हणजे लोकांशी केलेल्या गप्पाच. ते वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारीत आणि लोक उत्तरे देत. देव दगडात शोधू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, मुलांना शाळेत घाला, असे ते परोपरीने समजावीत. मेलेल्या माणसाच्या नावाने गावजेवण घालण्यापेक्षा जिवंत माणसाला दोन घास द्या, हेही ते सांगत.

स्वच्छतेचा आणि आरोग्याचा संबंध बाबांनी पुस्तकात वाचला नव्हता, डोळ्यांनी पाहिला होता. त्या काळी यात्रेत पटकीची साथ येई. पटकी म्हणजे कॉलरा, ज्याला आपण हैजा म्हणतो. घाण पाण्यातून हा रोग पसरतो. अशा साथीत लहान मुले आणि म्हातारी माणसे लवकर दगावतात. पंढरपूरची यात्रा संपली म्हणजे चंद्रभागेच्या वाळवंटात सगळीकडे घाण पडलेली असे. बाबा पंढरपूरला जात, पण देवळात जात नसत. ते वाळवंट झाडीत.

आता पुन्हा ऋणमोचनकडे येऊ. मातीच्या पायऱ्या एका पावसाळ्यात वाहून जात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम. म्हणून बाबांनी लोकांकडून वर्गणी गोळा केली आणि १९०८ च्या सुमारास पूर्णा नदीवर दगडी घाट बांधला. बाबांच्या बांधकामांची ही सुरुवात. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पडलेल्या माणसाला उचलणे हे चांगले काम आहेच. पण माणूस पडूच नये म्हणून आधी पायरी बांधून ठेवणे, हे कितीजणांना सुचते?

यात्रेत आणखी काही माणसे येत. ती स्नानासाठी येत नसत. आंधळे, पांगळे, महारोगी असे कितीतरी लोक रस्त्याच्या कडेला फडके पसरून बसत. महारोग म्हणजे कुष्ठरोग. आज या रोगावर औषध आहे आणि वेळेवर उपचार केला तर तो पूर्ण बरा होतो. त्या काळी तसे औषध नव्हते. घरचे लोक रोग्याला घराबाहेर काढीत. कोणी त्यांच्याजवळ जात नसे. दुरून एखादा पैसा किंवा शिळा तुकडा फेकीत, एवढेच. आंधळ्या-पांगळ्यांची स्थितीही फार वेगळी नव्हती. ज्याला शेतात राबता येत नाही तो घराला भार, असे लोक समजत.

बाबांनी या लोकांना पंगतीत बसविले. त्यांना आंघोळ घालण्याची, केस कापण्याची व्यवस्था केली. अंगावर घालायला नवे कपडे दिले. मग त्यांना पोटभर गोड जेवण वाढले. हे एका वर्षापुरते नव्हते. दरवर्षी यात्रेत असे जेवण होऊ लागले. पुढे बाबांनी काही ठिकाणी अंध-अपंगांसाठी सदावर्तेही सुरू केली. सदावर्त म्हणजे गरिबांना रोज मोफत जेवण मिळण्याची जागा. आपण त्याला लंगर म्हणतो.

शब्दांविषयी येथे थोडे सांगतो. जुन्या पुस्तकांत तुम्हाला आंधळा, पांगळा, लुळा असे शब्द आढळतील. उर्दूत आपण माजूर म्हणतो. मराठीत पुढे अपंग हा शब्द रूढ झाला आणि आता दिव्यांग हा शब्द वापरतात. शब्द बदलला ही चांगली गोष्ट आहे. मात्र शाळेच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार नसेल, तर नुसत्या चांगल्या शब्दाने खुर्ची वर चढत नाही.

बाबांच्या धर्मशाळांची हकिकत अशीच आहे. धर्मशाळा म्हणजे मुसाफिरखाना. आषाढी-कार्तिकीला हजारो लोक पंढरपूरला येत. श्रीमंत लोक भाड्याने खोल्या घेत. गरीब लोक उघड्यावर झोपत. आषाढातला पाऊस, खाली ओली जमीन आणि अंगावर एक घोंगडी! तरुण माणूस एखादी रात्र काढील. सत्तर वर्षांचा म्हातारा कशी काढणार? आणि ज्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत, त्यांना तर पैसे असूनही कोणी जागा देत नसे. बाबांनी १९१७ मध्ये पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा बांधली ती याच लोकांसाठी. पुढे त्यांनी ही इमारत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा अनेक ठिकाणी बाबांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला त्यांनी गुरांसाठी गोरक्षणही सुरू केले. तेथे म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांनाही आसरा मिळे. आपल्या यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत पूर्वी शकुंतला नावाची छोटी रेल्वे जात असे. तुमच्या आजोबांना विचारा, ते या गाडीतून प्रवास केल्याचे सांगतील.

धर्मशाळा बांधताना बाबा बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देत. पाणी जवळ हवे. झाडलोट रोज हवी. मुक्कामाला आलेल्या माणसाला स्वयंपाकासाठी भांडी मिळाली पाहिजेत, कारण म्हातारा माणूस गाठोड्यात भांडी बांधून किती दूर चालणार? आलेल्या माणसाची जात विचारायची नाही. अक्षर न वाचणारा हा माणूस पैशापैशाचा हिशेब चोख ठेवायला लावी. म्हणूनच लोक विश्वासाने पैसे देत. बाबा स्वतः मात्र धर्मशाळेतले जेवण घेत नसत. त्यांच्या धर्मशाळेत शेकडो लोक जेवत असत आणि ते गावात जाऊन भाकरीचा तुकडा मागून आणीत.

एकदा बाबा कोकणात कीर्तन करीत होते. तेवढ्यात त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही.

पुढे बाबांचे लक्ष मोठ्या शहरातील दवाखान्यांकडे गेले. खेड्यातला माणूस फार आजारी झाला म्हणजे त्याला मुंबईला नेत. रोग्याला दवाखान्यात खाट मिळे. पण त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईने किंवा बायकोने राहायचे कोठे? ती माणसे फुटपाथवर राहत. तेथेच चूल मांडीत, तेथेच झोपत. रोगी बरा होई आणि त्याची सेवा करणारा आजारी पडे. हे पाहून बाबांनी १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. त्यांच्या सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती. आपल्या पश्चात ही कामे बंद पडू नयेत, याचा विचारही त्यांनी असा आधीच करून ठेवला. बाबा गेल्यावर मिशनने मुंबईत दादरला धर्मशाळा चालविली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारासाठी आलेले कॅन्सरचे गरीब रोगी आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. आपल्या भागातील लोकही टाटा हॉस्पिटलला जातात. मुंबईत कोणी ओळखीचे नसले म्हणजे अशा जागेची किंमत कळते.

बाबांच्या शिकवणुकीतून दहा गोष्टी निवडून लोकांनी पुढे त्यांची यादी केली. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी हे त्यात आहेच. बेघरांना आसरा आहे, गरीब मुलांना शिक्षण आहे, बेकारांना काम आहे. अंध, अपंग आणि रोगी यांना औषधपाणी द्यावे, हेही त्यात आहे. ऋणमोचनच्या यात्रेत फडके पसरून बसलेली माणसे बाबा विसरले नव्हते.

वय झाले तरी बाबांचे फिरणे थांबले नाही. पण शरीर थकत चालले होते. दुसऱ्यांच्या म्हातारपणाची सोय करणारे बाबा आता स्वतः म्हातारे झाले होते आणि आपल्या शरीराचे मात्र ते मुळीच ऐकत नव्हते! ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित केलेले असल्यामुळे बाबांचा आवाज आजही ऐकता येतो. पुढच्या महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी बाबांना मोटारीतून अमरावतीकडे आणीत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांनी प्राण सोडला. तेव्हा ते ८० वर्षांचे होते.

अमरावतीला त्यांची समाधी आहे. २००० मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. आपला यवतमाळ जिल्हा याच विद्यापीठात येतो. तुमच्यापैकी जे पुढे बाभुळगाव किंवा यवतमाळच्या कॉलेजात शिकतील, त्यांच्या पदवीपत्रावर या न शिकलेल्या माणसाचे नाव असेल.

ऋणमोचनची यात्रा आजही पौष महिन्यात भरते. लोक पूर्णेवर येतात आणि घाटाच्या पायऱ्यांवरून नदीत उतरतात.